कायद्याच्या वाटेवरील तर्काची कोडी

(पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त गणित शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावाशी नरवीर तानाजी मालुसरे यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या उमरठमध्ये बोलावयास उभे राहताना मनात संकोच वाटतो. घरी रायबाचे लग्न निघालेले असताना कोंढाण्याची कामगिरी आली आणि तानाजींनी क्रम ठरविला, ही कथा येथील लहान मुलासही ठाऊक आहे. आधी गड, मागाहून लग्न. फेब्रुवारी १६७० मध्ये गड आला आणि त्या लढाईत तानाजींना वीरमरण आले. त्या पराक्रमाविषयी बोलण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे. मी हयातभर फळ्यावर गणिते सोडविली. मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते : ‘अमुक काम तमुक कामाच्या आधी’ ही अट. एक अट नक्की झाली की बाकीच्या गोष्टी आपोआप आपापल्या जागी बसू लागतात. आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याचे बीज एवढेच आहे.

विषय आहे विधि अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेतील तर्कविषयक कोड्यांचा. डोंगरकपारीतील या गावात हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. म्हणून प्रथम एक हकिगत सांगतो.

एका मुलीची गोष्ट

येथून फार दूर नसलेल्या एका वाडीतील मुलगी. वडील अकाली गेले. सातबाऱ्यावर वारसनोंद करून घेण्यासाठी आईने किती हेलपाटे घातले, याची मोजदाद त्या माउलीकडेही नसेल. प्रत्येक खेपेस एखादा कागद कमी पडे आणि तो कोणता, हे पुढच्या खेपेस कळे. आईबरोबर जाणाऱ्या त्या मुलीने बारावीच्या वर्षीच ठरविले, की आपण वकील व्हावयाचे. घरातील शेळ्या विकून तिने शहरातील एका शिकवणीवर्गाचे शुल्क भरले. तेथे तिला सूत्रांची जाड पुस्तिका मिळाली. पण तिची चूक कोठे होते, हे कोणी पाहिले नाही.

परीक्षेत कायदा आणि सामान्य ज्ञान हे भाग तिने चांगले सोडविले. पुढे सहा माणसे एका ओळीत बसविण्याचे एक कोडे आले. ते सारे तोंडी, मनातल्या मनात सोडविण्याच्या नादात तिची अकरा मिनिटे गेली. धीर खचला. शेवटचे वीसएक प्रश्न तिने कोरे सोडले. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, ही साधी गोष्टही तिला कोणी बजावून सांगितली नव्हती. प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला. एका घराचे एक वर्ष गेले, आणि ते बुद्धी नव्हती म्हणून गेले नाही. पद्धत ठाऊक नव्हती म्हणून गेले.

परीक्षेचे स्वरूप

आपल्या राज्यात विधि अभ्यासक्रमाचे प्रवेश २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेद्वारे होतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा, असे दोन मार्ग आहेत. प्रारंभीच्या वर्षांत या परीक्षेत दोन तासांत १५० प्रश्न असत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्यांपैकी ४० प्रश्न तर्क व विश्लेषणाचे, ४० विधि अभिक्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० इंग्रजीचे व १० प्राथमिक गणिताचे होते. पुढे प्रश्नांची संख्या कमी करण्यात आली. म्हणून प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. प्रश्न इंग्रजीबरोबरच मराठीतूनही असतात, ही आपल्या मुलांच्या दृष्टीने मोठी सोय होय.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी २००८ पासून देशव्यापी सामाईक परीक्षा घेतली जाते. आपल्या राज्यातील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे प्रवेश तिच्याच मार्गाने होतात. ती इंग्रजीतून असते, उतारे वाचून त्यांवरील प्रश्न सोडवावे लागतात आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो.

अमेरिकेतील विधि महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेत तर अशा कोड्यांचा एक स्वतंत्र विभाग सुमारे चार दशके होता. आकृती काढल्यावाचून ती कोडी सोडविणे कठीण; मग ज्यास दृष्टी नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून काढण्यात आला. यातून घ्यावयाचा बोध असा, की कोडे हे साधन आहे. तपासावयाचे असते ते अटी नीट वाचून त्यांतून अपरिहार्य तेवढाच निष्कर्ष काढण्याचे सामर्थ्य. आपल्याकडील परीक्षांत त्या सामर्थ्याची परीक्षा आजही होते.

पाटीवर कोडे कसे मांडावे

आता प्रत्यक्ष एक कोडे घेऊ. पाऊस उदंड पडूनही उन्हाळ्यात येथील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, म्हणून टँकरचेच उदाहरण घेतो. एक टँकर दिवसभरात सहा वाड्यांना प्रत्येकी एक फेरी करतो. वाड्यांना अ, ब, क, ड, इ, फ म्हणू. अटी चार :

पहिली, ब ची फेरी ड च्या आधी केव्हातरी होते.
दुसरी, अ नंतर लगेच क ची फेरी होते.
तिसरी, फ ची फेरी पहिलीही नसते आणि शेवटचीही नसते.
चौथी, इ ची फेरी तिसरी असते.

विद्यार्थी येथे पहिल्या अटीपासून सुरुवात करतो आणि अडखळतो. अटी ज्या क्रमाने छापल्या आहेत, त्या क्रमाने वापरल्याच पाहिजेत असे मुळीच नाही. पाटीवर सहा घरे आखावीत आणि प्रथम जागेवर ठाम बसलेली गोष्ट भरावी. इ तिसऱ्या घरात गेली. नंतर जोडीने फिरणाऱ्या गोष्टी घ्याव्यात. अ आणि क ही सलग जोडी आहे. तिसरे घर भरलेले असल्यामुळे या जोडीस तीनच जागा उरतात : पहिली-दुसरी, चौथी-पाचवी किंवा पाचवी-सहावी. त्यानंतर ‘आधी-नंतर’च्या अटी, आणि अखेरीस ‘नसते’ म्हणणाऱ्या अटी.

जोडी पहिल्या-दुसऱ्या घरात असेल, तर ब, ड, फ यांना चौथे, पाचवे व सहावे घर उरते. फ शेवटी जात नाही, ब च्या आधी ड येत नाही. म्हणून ड शेवटी. फ चौथ्या किंवा पाचव्या घरात, आणि ब उरलेल्या घरात. अशा मांडण्या दोन. जोडी चौथ्या-पाचव्या घरात असेल, तर पहिले, दुसरे व सहावे घर उरते. फ ला फक्त दुसरे चालते, ब पहिली आणि ड सहावी. ही एक मांडणी. जोडी पाचव्या-सहाव्या घरात असेल, तर पहिले, दुसरे व चौथे घर उरते. फ दुसऱ्या किंवा चौथ्या घरात, आणि ब दोन्ही वेळा पहिली. याही मांडण्या दोन. म्हणजे एकूण पाच :

अ क इ फ ब ड
अ क इ ब फ ड
ब फ इ अ क ड
ब फ इ ड अ क
ब ड इ फ अ क

सहा वाड्यांची सरमिसळ ७२० प्रकारे होऊ शकते. चार अटींनी ती संख्या पाचवर आणली. या पाच ओळी समोर असल्या, की प्रश्न कितीही फिरवून विचारला तरी उत्तर वाचून सांगता येते. पहिली फेरी कोणाची असू शकेल? अ किंवा ब ची, तिसऱ्या कोणाची नाही. ब पहिली नसेल तर शेवटची कोण? नक्की ड. शेवटची फेरी क ची असेल तर? ब नक्की पहिली. ‘ड नेहमी शेवटी येते’ हे विधान खरे काय? नाही, चौथी ओळ ते खोटे ठरविते. ‘नेहमी’ म्हणणारे विधान पाडण्यास एकच उलटे उदाहरण पुरते. ‘होऊ शकते’ म्हणणारे विधान सिद्ध करण्यासही एकच अनुकूल उदाहरण पुरते. हा भेद ज्याच्या अंगवळणी पडला, त्याचा निम्मा वेळ वाचला असे समजावे.

प्रत्येक कोड्यात सर्व मांडण्या लिहून काढाव्यात असे मात्र मी म्हणत नाही. मांडण्या पाच-सहा असतील तर लिहाव्यात; वीसपंचवीस निघण्याची चिन्हे दिसली तर फक्त ठाम निष्कर्ष टिपून प्रश्नांकडे वळावे.

एका ‘च’चे वजन

दुसरा प्रकार अटींच्या भाषेचा. ‘अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तरच मतदार यादीत नाव येते’ हे वाक्य पंचायत सदस्यांच्या परिचयाचे आहे. यावरून, ज्याचे नाव यादीत आहे त्याची अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत, असे म्हणता येते. ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली नाहीत त्याचे नाव यादीत नाही, असेही म्हणता येते. पण ज्याची अठरा पूर्ण झाली त्याचे नाव यादीत आहेच, असे म्हणता येत नाही. त्याने अर्जच केला नसेल! ‘तर’ आणि ‘तरच’ यांत एका अक्षराचे अंतर आहे, आणि परीक्षेतील कित्येक गुण त्या एका अक्षरात दडलेले असतात. ‘लगेच नंतर’ आणि ‘नंतर केव्हातरी’, ‘किमान’ आणि ‘नेमके’, ‘काही’ आणि ‘सर्व’ या जोड्याही अशाच. मुलांनी प्रश्न वाचताना हे शब्द अधोरेखित करावेत.

हा शब्दांचा खेळ नव्हे. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण येथून जवळच, महाडला घडले. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे ठरविले. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर दिवाणी दावा उभा राहिला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथून वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले बाबासाहेब या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. दावा जवळपास दहा वर्षे चालला. वादींनी सांगितलेली रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

तर्काच्या दृष्टीने या दाव्याकडे पाहा. ‘अमुक लोक येथे पाणी भरीत नव्हते’ हे एक विधान. ‘त्यांना पाणी भरण्याचा हक्क नव्हता’ हे निराळे विधान. पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे वय अठराहून कमीच असले पाहिजे, असे म्हणण्यासारखीच ती चूक होय. आपल्या वाडीतील मूल पाटीवर ‘तर’ आणि ‘तरच’ यांचा भेद गिरविते, तेव्हा ते अशा दाव्यांत उभे राहण्याचीच पूर्वतयारी करीत असते.

नात्यांची कोडी आणि मायबोली

परीक्षेत नात्यांची कोडीही हमखास येतात. येथे आपली भाषा फार उपयोगी पडते. इंग्रजीतील ‘अंकल’ हा काका असेल, मामा असेल, आत्याचे यजमान असतील किंवा मावशीचे यजमान असतील. मराठीत नात्याचा शब्दच बाजू सांगतो. ‘ती माझ्या मावशीच्या एकुलत्या एका भावाची मुलगी आहे’ असे म्हटले, की मावशीचा भाऊ तो मामा आणि मामाची मुलगी ती मामेबहीण, हे आपली आजी पान लावता लावता सांगेल. म्हणून प्रश्न इंग्रजीत असला तरी नात्याचे झाड काढताना मराठी शब्द लिहावेत. मात्र एक पथ्य पाळावे : नावावरून स्त्री की पुरुष हे गृहीत धरू नये. प्रश्नात जे सांगितले आहे तेवढेच खरे.

सरावाची रीत

आता सरावाविषयी. त्या मुलीबरोबर दुसऱ्या वर्षी आम्ही जे केले, तेच सांगतो.

पहिले दोन महिने घड्याळ बाजूस ठेवले. दिवसाला दोनच कोडी, पण पूर्ण आणि लेखी. उत्तर बरोबर आले तरी ‘हे कशावरून?’ असे विचारून प्रत्येक पायरी तिच्याकडून वदवून घेतली. वेग ही अचूकतेच्या मागून येणारी गोष्ट आहे. बी रुजण्याआधी कणसाची घाई करून चालत नाही.

दुसरे, चुकांची वही. तीत चार रकाने होते : अट चुकीची वाचली, निष्कर्ष सुटला, नसलेली गोष्ट गृहीत धरली, वेळ पुरला नाही. महिनाअखेर बेरीज केली, तेव्हा निम्म्याहून अधिक चुका पहिल्या रकान्यात निघाल्या. मुलीची बुद्धी कमी नव्हती, ती घाईने वाचीत होती. शंभर नवी कोडी सोडविण्यापेक्षा हे एक ज्ञान अधिक मोलाचे ठरले.

तिसरे, चुकलेले कोडे आठ दिवसांनी पुन्हा कोऱ्या पाटीवर. उत्तर पाहून ‘कळले’ असे वाटणे आणि स्वतः सोडविता येणे, यांत फार अंतर आहे.

चौथे, सोडविलेले कोडे दुसऱ्यास समजावून देणे. ती आपल्या धाकट्या भावास समजावीत असे. जेथे तो ‘पण का?’ म्हणे, नेमकी तेथेच तिची पायरी कच्ची असे.

पाचवे, स्वतः कोडी रचणे. शाळेचे वेळापत्रक, लग्नातील पंगत, गावच्या पालखीचा मार्ग, एस.टी.चे थांबे, या सर्वांत कोडी आहेत. जो अटी रचतो, त्यास अटींची गाठ कोठे असते ते कळते.

घड्याळ अखेरीस आणले. दोन तासांत १५० प्रश्न म्हणजे प्रत्येकी ४८ सेकंद. १२० प्रश्न असतील तर एक मिनिट. तेव्हा पाच प्रश्नांच्या कोड्यास फार तर पाच मिनिटे. दोन मिनिटांत आकृतीने आकार घेतला नाही, तर त्यावर खूण करून पुढे जावे व शेवटी परत यावे. अवघड कोडे सोडून पुढे जाणे हा पराभव नव्हे. गड चढताना एक कडा जमला नाही, तर दुसऱ्या बाजूने वाट पाहावीच लागते.

ज्या परीक्षेत गुण वजा होत नाहीत, तेथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. जेथे चुकीस पाव गुण वजा होतो, तेथेही हिशेब करावा. चार पर्यायांचे चार प्रश्न केवळ अंदाजाने सोडविले आणि सरासरीने एक बरोबर आला, तर एक गुण मिळतो व तीन चुकांचा पाऊण गुण जातो; हाती पाव गुण उरतो. हा लाभ अगदीच किरकोळ आहे. पण चारांपैकी दोन पर्याय तर्काने बाद करता आले, तर तोच अंदाज चांगला फायद्याचा ठरतो. म्हणून ‘बरोबर कोणते?’ या प्रश्नाइतकाच ‘अशक्य कोणते?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आपण काय करू शकतो

मित्रहो, यास मोठा खर्च लागत नाही. पंचायतीने वाचनालयात मागील वर्षांच्या प्रश्नांचे संग्रह आणि एक फळा ठेवावा. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास, परिपाठानंतर किंवा शनिवारी, एक कोडे फळ्यावर मांडावे. ते आठवीपासून सुरू केले तर बारावीपर्यंत मुलांच्या अंगी मुरते. अधिकारी बंधूंनी अर्जाच्या तारखा, लागणारे दाखले आणि परीक्षेच्या सूचना यांचा कागद वेळेवर चावडीवर लावावा. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाल्यामुळे एखादे मूल मागे राहू नये, हे तर आपल्याच हातचे आहे.

आणि एक गोष्ट विशेष अगत्याने सांगतो. प्रत्येक मूल वकील होणार नाही, व्हावयासही नको. परंतु ज्यास अटी नीट वाचता येतात, त्यास शासकीय योजनेचा अर्जही नीट वाचता येतो. ज्यास ‘तर’ आणि ‘तरच’ यांतला भेद कळतो, त्यास कोणी करारावर अंगठा उठवून फसवू शकत नाही. ग्रामसभेत ठराव वाचला जात असता, ‘यावरून ते कसे निघते?’ असे विचारणारा एक जरी तरुण उभा राहिला, तरी या सरावाचे सार्थक झाले.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. सुटीत ती गावी आली, तेव्हा वारसनोंदीचे सगळे कागद तिने ओसरीवर पसरले आणि कोणता कागद कोणत्या कागदावर अवलंबून आहे, याची आकृती एका वहीच्या पानावर काढली. पहिला कोणता, त्यानंतर लगेच कोणता, कोणता शेवटी. त्याच क्रमाने ते कागद दाखल झाले आणि या खेपेस आईस परत यावे लागले नाही. ते पान तिने जपून ठेवले आहे. मला दाखविताना ती म्हणाली, “गुरुजी, हे कोडे तुमच्या पुस्तकात नव्हते.”

मी म्हटले, “होते. फक्त त्यातल्या वाड्यांची नावे अ, ब, क अशी होती.”